आजऱ्याची हवा

सर्व संबंधितांच्या, म्हणजे श्वास घेणाऱ्या प्रत्येकाच्या माहितीसाठी अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, या पृथ्वीतलावर शुद्ध हवा फक्त एकाच ठिकाणी शिल्लक होती. ते ठिकाण आजरा. अख्खा आजरासुद्धा नव्हे. आजऱ्यातलं आमच्या सरांचं घर, आणि त्या घराची गच्ची. बाकी सगळ्या जगात आपण आत ओढतो ती निव्वळ घाण. ही बातमी मला खुद्द सरांनी दिली, मी कोल्हापूरच्या त्या कॉलेजात शिकवायला रुजू झाले त्याच सकाळी, खुर्चीत नीट टेकायच्या आधी.

"मॅडम, आपण आत्ता काय आत घेतलंत याची काही कल्पना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "चहा."

"हवा," सर म्हणाले. "मी हवेविषयी बोलतो आहे." आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू माझा मृत्यूचा दाखला तयार आहे, फक्त तारीख भरायची राहिलीय.

सर आमचे विभागप्रमुख. उंच, वाळके, आणि नाकावर पांढऱ्या रुमालाची त्रिकोणी घडी. शिकवताना रुमाल, जिन्यात रुमाल, फोनवर बोलतानाही रुमाल. त्यामुळे पलीकडच्या माणसाला कायम वाटायचं, सर कुठल्यातरी मयताला आलेत. शनिवारी दुपारी ते आजऱ्याची एसटी पकडत आणि सोमवारी सकाळी स्टाफरूमच्या दारात उभे राहून, कुणी विचारलेलं नसताना सांगत, "फुप्फुसं धुऊन आलो." मग आमच्याकडे, म्हणजे न धुतलेल्यांकडे, कीव आल्यासारखं बघत.

एकदा आमच्या शिपाईमामांना खोकला झाला. सरांनी त्यांना रजा दिली नाही, औषध सांगितलं नाही. आजऱ्याला जाऊन राहा म्हणाले.

"कुठं राहू सर? तुमच्याकडं?" मामांनी भाबडेपणानं विचारलं.

"हवा सार्वजनिक आहे, घर नाही," सर म्हणाले.

आता त्यांचा विषय सांगते, कारण विषय खरोखर चांगला होता. माणसाच्या फुप्फुसाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी काचेसारख्या पारदर्शक चपट्या बाटल्यांमध्ये वाढवायच्या. त्यांना गुलाबी रंगाचं पोषक पाणी घालायचं, अंगातल्याइतकीच ऊब द्यायची. दुसरीकडे पंप लावून हवा ओढायची; तिच्यातली धूळ, काजळी, धूर एका गोल पांढऱ्या गाळणकागदावर जमा होतो. तो माल धुऊन, मोजून-मापून पेशींना द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं की किती जगल्या, किती मेल्या. निळं औषध घातलं की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत होत नाहीत. कुणा माणसाला धूर पाजायला नको, उंदीर मारायला नको.

कोल्हापूरच्या हवेबद्दल सर खोटं बोलत होते, असंही नाही. साखर कारखान्यांच्या गळिताच्या हंगामात आमच्या गच्चीत वाळत घातलेल्या साड्यांवर काळी राख उतरायची, ती मी झटकलेली आहे. फाउंड्रीकडून वारा सुटला की जिभेवर लोखंडाची चव येते. म्हणजे माणूस बरोबर होता. बरोबर असलेला माणूस इतका असह्य कसा असू शकतो, हा खरं तर स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, आणि त्यासाठी पेशी वाढवायची गरज नाही.

पेशींना सर 'मंडळी' म्हणत. "मंडळी उठली का?" "आज मंडळींचा मूड नाही." मंडळी पुण्याहून गोठवलेल्या अवस्थेत कुरिअरनं यायची, तेव्हा सर कोट घालून कॉलेजच्या फाटकापर्यंत घ्यायला जात. स्वतःची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा त्यांनी तिला रिक्षा करून यायला सांगितलं होतं, हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. मंडळी ज्या परदेशी माणसाच्या फुप्फुसातून मुळात काढलेली, तो कधीच वारलेला. सर अभिमानानं म्हणत, "यांनी कोल्हापूर कधी पाहिलेलं नाही. म्हणून यांची साक्ष खरी. माणूस खोटं बोलतो मॅडम, पेशी बोलत नाही."

मंडळींची खोली म्हणजे सोवळ्यातलं देवघर. तिथं जंतू शिरता कामा नयेत हे मलाही मान्य आहे. मी जंतूंवरच पोट भरते. पण सरांनी त्या नियमांना स्वतःची भर घातली होती. गजरा माळून आत जायचं नाही. सकाळी चटणी-भाकरी खाल्लेल्यानं आत जायचं नाही. आत बोलायचं नाही. शिंक आली तर बाहेर पळायचं आणि पळताना शिंकायचं नाही. दाराशी उभं राहून सर येणाऱ्याचा वास घ्यायचे, तोही रुमालाआडून, आणि मान हलवून परत पाठवायचे. एका प्राध्यापकाला त्यांनी 'आपण काल लसूण खाल्लात' म्हणून परत पाठवलं. तो जैन होता. त्यानं तेव्हापासून सरांशी बोलणं टाकलंय.

या देवघरात एका उन्हाळ्यात बुरशी शिरली. एक-एक बाटली गढूळ होत गेली. सरांनी चौकशी बसवली. मामांच्या मिशा, माझी बांगडी, जिन्यातलं कबुतर, सगळ्यांची उलटतपासणी झाली. कबुतर सोडून सगळ्यांनी लेखी खुलासा दिला. शेवटी पोषक पाण्याच्या फ्रिजमध्ये, मागच्या कप्प्यात, एक पिशवी सापडली. आजऱ्याहून आणलेली काजूची बोंडं. पिकून, फुटून, आंबून, वास असा की फ्रिज उघडणाऱ्याला गरगरावं. आणणारा माणूस जगात एकच होता. सरांनी पिशवी दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, "शुद्ध हवेतली वस्तू इथं टिकत नाही, बघा." खुलासे मात्र त्यांनी कुणाचे परत दिले नाहीत.

पण त्यांचा खरा अवतार बघायचा तर लग्नात. काळा झालेला गाळणकागद एका प्लॅस्टिकच्या डबीत घालून सर तो खिशात वागवायचे, आणि पंगतीत शेजारी बसलेल्याला उघडून दाखवायचे. "हे काय आहे सांगा? हे तुमचं फुप्फुस." आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी ही डबी नवरदेवाच्या वडिलांपुढे उघडली. गृहस्थांची शिरोलीला फाउंड्री. त्यांनी डबीकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि वाढप्याला हाक मारून म्हणाले, "पावण्यास्नी जिलेबी वाढ रं. तोंडाला काय तर गोड लागू दे." सरांनी जिलेबी खाल्ली नाही. उघड्यावर तळलेली होती. दोन तास ते रुमालाआडून पाणीसुद्धा न पिता बसले आणि सगळ्या मांडवाला आपण उपाशी असल्याचं दुःख पोचवलं.

अशा माणसाकडे पीएचडी करायला कोण येणार? आले होते काही. एक विमा विकायला लागला, एकानं कोंबड्या पाळल्या. तिसरा कुठं गेला ते त्याच्या घरच्यांनी सांगायला नकार दिला. सरांची निवृत्ती जवळ आली आणि त्यांच्या नावावर एकही पीएचडी झालेला विद्यार्थी नाही, ही गोष्ट त्यांना आतून खात होती. नेमकी तेव्हा शिवलीला आली.

शिवलीला कुरुंदवाडची. वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान. बुटकी, गोल चष्मा, आणि आवाज असा की कुजबुजली तरी शेजारच्या वर्गातली मुलं वहीत लिहून घ्यायची. पहिल्याच दिवशी सरांनी तिचा वास घेतला.

"आपण केसांना तेल लावलंत."

"लावलंय की सर. उद्या न्हाय लावणार. पण आज लावलंय ते आता कुठं काढून ठेवू?"

मला ती पोरगी तिथल्या तिथं आवडली. आणि तिचा हात. आमच्या धंद्यात हात ही मोठी गोष्ट असते. बाटली उघडायची, नळीनं थेंब सोडायचा, झाकण लावायचं, ह्या साध्या हालचालींत कुणाच्या हातून सतत घाण शिरते, कुणाच्या हातून कधीच नाही. शिवलीलाच्या हातून कधी एक बाटली खराब झाली नाही. पण उलट नाव पडलं, 'हिचा हात घाण' असं एकदा कुणी म्हटलं, की ते पुसलं जात नाही. पेशींवर काम करणारी माणसं थोडी, सगळी एकमेकांना ओळखणारी. मग तुम्हाला कुणी प्रयोगशाळेच्या दारात उभं करत नाही.

शिवलीलाचा प्रबंध कोल्हापूरच्या हवेवर. पण नुसतं 'कोल्हापूरच्या हवेनं पेशी मेल्या' म्हणून चालत नाही. स्वच्छ हवेनं किती मरतात, ते शेजारी दाखवावं लागतं. त्याला कंट्रोल म्हणतात. स्वच्छ हवा कुठली घ्यायची, यावर सरांनी चर्चाच होऊ दिली नाही. आंबोलीचं नाव तिनं काढलं तर म्हणाले, पर्यटक येतात. चंदगडच्या जंगलाचं नाव काढलं तर म्हणाले, दमट आहे. आराखड्यात ठळक अक्षरांत गेलं: 'स्वच्छ हवेचा नमुना: आजरा'. पंप सर स्वतः घेऊन जाणार, स्वतःच्या गच्चीवर स्वतः लावणार, कागद स्वतः सीलबंद करून आणणार. "तिथल्या हवेला अपरिचित माणूस लागू नये," असं काहीसं ते म्हणाले. मी तोंडात पदर कोंबला.

सोमवारी कागद आले. सीलबंद, सरांच्या कोरीव अक्षरात नाव घातलेले. शिवलीलानं कोल्हापूरचा माल एका रांगेतल्या पेशींना दिला, आजऱ्याचा दुसऱ्या रांगेला, आणि एक रांग तिनं आपल्या अकलेनं वाढवली: ज्या कागदातून हवा गेलीच नाही, तो कोरा कागद धुऊन त्याचं पाणी.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. तिला खालच्या आवाजात बोलायचं होतं, म्हणजे फक्त आमच्याच मजल्यानं ऐकलं.

"मॅडम, जरा येऊन बघता?"

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कोऱ्या कागदाच्या रांगेत मंडळी मजेत, एकमेकींना खेटून. कोल्हापूरच्या रांगेत बऱ्याच निळ्या, बऱ्याच शाबूत. आणि आजऱ्याच्या रांगेत सगळं निळं. तळ सोडून सुटलेल्या, आक्रसलेल्या पेशी पाण्यावर भुशासारख्या तरंगत होत्या.

"आजऱ्याच्या हवेत ह्या वाचल्या न्हायत," शिवलीला म्हणाली. "सरांना कोण सांगायचं?"

तिनंच सांगितलं. मी दाराआड उभी होते. अशा गोष्टी चुकवणाऱ्यांतली मी नाही. सरांनी पाहिलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदा त्या खोलीत त्यांच्या नाकावरचा रुमाल खाली आला.

"अदलाबदल झाली आहे," ते म्हणाले. "हा कोल्हापूरचा कागद आहे. तुम्ही कागद बदललेत."

"न्हाय बदलले सर. तुमच्या अक्षरातलं नाव बघूनच फोडलेत."

"मग हात घाण असेल."

"हात घाण असता तर कोऱ्या कागदावरच्या पण मेल्या असत्या. त्या जगल्यात."

"कोरा कागद म्हणजे हवा नव्हे," असं म्हणून सर निघून गेले. हे विज्ञानाचं कुठलं सूत्र, ते मला अजून समजलेलं नाही.

ते पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. पुन्हा कागद. पुन्हा सगळं निळं. पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला सरांनी बाटली उजेडाकडे धरून बघितली. मला वाटलं, आता काहीतरी माणसासारखं बोलतील. ते म्हणाले, "मंडळींनीही आता खोटं बोलायला सुरुवात केली." पेशी खोटं बोलत नाही म्हणणारा हाच माणूस. मी मनात टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर विभागात हळूहळू पसरलं, की शिवलीलाचा हात घाण आहे. सर ओरडून कधीच सांगत नसत. चहाच्या वेळी सुस्कारा टाकायचे, "मुलगी कष्टाळू आहे हो, पण..." आणि ते 'पण' तिथंच ठेवून कपात बघायचे. एवढं पुरतं. एका कॉलेजनं तिला पीएचडी झाल्यावर घेऊ म्हणून कबूल केलं होतं, तिथल्या बाईंचा मला फोन आला, "हाताचं काय ऐकतेय?" मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं. पण ही गोष्ट आता दुसऱ्या गावात पोचली होती.

मग मी ठरवलं, आपण आजऱ्याला जायचं. शिवलीलाला म्हटलं, चल, तुला शुद्ध हवा दाखवते.

एसटीतून उतरून विचारत विचारत घरी पोचलो. सरांचा धाकटा भाऊ दारातच भेटला. सर जेवढे वाळके, तेवढाच हा भरलेला. रुमाल कुठंच नाही, खांद्यावर टॉवेल. "या या पावणं. दादाच्या हाफिसातल्या न्हवं का?" आम्ही बसायच्या आत पुढ्यात भाजलेल्या काजूची परात आली. शिवलीलानं गच्ची बघायची म्हटलं. तो आनंदानं घेऊन गेला.

गच्चीच्या कठड्यापाशी गेलो आणि माझे डोळे झोंबले. खाली, घराच्या पाठीला लागूनच, काजू भाजायची भट्टी. बी भाजायची, फोडायची, आणि निघालेली टरफलं परत त्याच भट्टीत जळणाला. काजूच्या टरफलात तेल असतं, ते अंगाला लागलं तर कातडी सोलून निघते. ते तेल जळून उठणारा काळा, चिकट धूर थेट गच्चीवर येत होता. कठड्यावर हात ठेवला तर पंजाचा ठसा उठला.

"सर पंप कुठं लावत्यात?" शिवलीलानं विचारलं.

"हितंच की. ह्या कट्ट्यावर. सावली असतीया म्हणतोय."

"आणि भट्टी रोजच चालतीया?"

"भट्टीला काय सुट्टी असतीया व्हय? बी वाफवून ठिवल्यावर भाजायलाच लागतंय. न्हायतर मातीमोल." असं म्हणून तो का कोण जाणे हसला आणि खाली जाऊन आणखी काजू घेऊन आला.

 परत येताना, गडहिंग्लज गेल्यावर शिवलीला म्हणाली, "मॅडम, मी सगळ्यांना सांगत सुटणार न्हाय. प्रबंधात एक ओळ लिहिणार. घरामागं भट्टी हाय, एवढीच."

लिहिली. अगदी सभ्य, कुणाचं घर ते न सांगता. सरांनी ती ओळ लाल शाईनं खोडली. "ही घरगुती बाब आहे. प्रबंधात घर आणू नये." ती म्हणाली, मग आकडे कशामुळं ते कसं सांगू? सर म्हणाले, आकडे छापा, कारण नको. त्यांना निवृत्तीआधी एक तरी पीएचडी हवी होती, म्हणून सही द्यायलाच हवी होती; आणि आजरा वाचवायचा होता. दोन्ही जमवायचं तर कुणीतरी एक बळी पाहिजे, आणि तो कुरुंदवाडहून आयता आला होता.

व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी सेमिनार हॉल भरला. कुरुंदवाडहून तिचे आई-वडील आले होते, वडील नवा फेटा बांधून मागच्या रांगेत. माझ्याही ओळखीचे बरेच होते, कारण मी बोलावलं होतं. परीक्षक नागपूरचे, वयस्कर, शांत, बोलताना डोळे मिटणारे. सरांनी त्या दिवशी रुमाल घडी करून खिशात ठेवला होता. पाहुण्यांपुढे नाक दाखवायचं म्हणून असेल.

शिवलीलानं चांगलं मांडलं. हॉलला माईकची गरज नव्हती. मग परीक्षकांनी तो तक्ता पुन्हा पडद्यावर मागवला.

"स्वच्छ हवेनं घाण हवेपेक्षा जास्त पेशी मेल्या, असं तुम्ही म्हणता?"

"माझे आकडे तसं म्हणतात सर."

तिनं आणखी काही म्हणायच्या आत आमचे सर उठले. चेहऱ्यावर अपार माया. "मी मार्गदर्शक या नात्यानं एक विनंती करतो. मुलगी गुणी आहे. खेड्यातून आलेली आहे. पण हात... सवयीनं येतो तो. नमुन्यांची अदलाबदल झालेली असावी. आपण मोठ्या मनानं समजून घ्यावं."

मागच्या रांगेत वडिलांचा फेटा हळूच खाली गेला. परीक्षकांनी डोळे उघडले, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बेटा, होतं असं. आम्हा सगळ्यांकडून झालंय. अदलाबदल झाली असं तू म्हण, आपण हे एवढं प्रकरण काढून टाकू, बाकी काम उत्तम आहे. पदवीला अडचण येणार नाही."

म्हणजे समोर पदवी ठेवलेली. फक्त आपल्या तोंडानं 'माझा हात घाण' म्हणायचं आणि उचलायची. मी तिच्याकडे बघत होते. तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत लावला.

"न्हाय सर," ती म्हणाली. "अदलाबदल झालेली न्हाय. पदवी राहिली तर राहू दे."

 सर मान हलवत हसले, हट्टी लेकराकडे बघून हसावं तसे.

परीक्षकांचे डोळे आता पूर्ण उघडे होते. "मग तुझ्या मते कारण काय? जिथं पंप लावला, तिथं आसपास धुराचं काही होतं?"

शिवलीलानं सरांकडे बघितलं. सरांनी तिच्याकडे बघून एकदाच, बारीक, नकारार्थी मान हलवली.

"ज्या घरावर पंप होता, त्या घराच्या पाठीमागं काजूची भट्टी हाय," ती म्हणाली. "टरफलं जाळत्यात. मी डोळ्यानं बघून आलेय."

"घर कुणाचं?"

"मार्गदर्शकांचं."

परीक्षक सरांकडे वळले. "काय हो, ही भट्टी आहे?"

"आहे," सर म्हणाले. "म्हणजे, लहान आहे. कुटुंबाची आहे. तिचा या संशोधनाशी संबंध येत नाही."

"संबंध कसा येत नाही? भट्टी चालू असेल तर धूर थेट तुमच्या पंपात. मग या मुलीचे आकडे बरोबर ठरतात आणि तुमची शुद्ध हवा..."

मी सरांना कित्येक वर्षं ओळखत होते. रागावलेले, उपाशी, उपदेश करताना, जिलेबीकडे पाठ फिरवताना पाहिले होते. पण 'आपण', 'कल्पना', 'सार्वजनिक' असल्या धुतलेल्या शब्दांतून ते कधी घसरलेले ऐकले नव्हते. त्यांचा चेहरा लाल झाला, एक हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. मग त्या भरल्या हॉलमध्ये, परीक्षकांपुढे, तिच्या आई-वडिलांपुढे, आम्हा सगळ्या न धुतलेल्यांपुढे सर कडाडले:

"धूर येईलच कुठनं? पंप हाय तंवर भट्टी पेटवू नगंस म्हणून दर खेपंला बजावून आलतो की मी भावाला!"